उलट्या तुकड्यातली बाई

प्रिय सुलूमावशी,

तुला फोन कधी करताच आला नाही. सातव्या वर्षी तापात तुझे कान गेले, मी जन्मायच्या कितीतरी आधी. त्यामुळं तुला काही कळवायचं म्हणजे लिहूनच. मी मेसेज टाकायचो, तू नुसता अंगठा पाठवायचीस. हे पत्रही तसंच समज. फक्त चार महिने झाले, तुझा अंगठा यायचा बंद झालाय.

आज दुपारी इथं नांदेडात, घड्याळं दुरुस्त करणाऱ्या याकूबभाईच्या टपरीवर एक गोष्ट झाली. तिथून तडक स्टँडवर आलो. आईला फोन लावला, तर ती म्हणाली, "आधी जेवलास का ते सांग." मग तिला सांगितलंच नाही. आणि खरं तर सांगायचं आहे तुलाच. मी तुला जे शेवटचं मोठं असं काही सांगितलं, ते चुकीचं होतं गं. तू बरोबर होतीस. निदान आज दुपारपासून मला तसं वाटायला लागलंय.

स्टँडवरच्या बाकावर बसून लिहितोय. शेजारी एक बाई टोपलीत कोंबडी घेऊन बसलीय, आणि ती कोंबडी दर दोन मिनिटांनी माझ्या वहीकडं मान वळवते. असो. सुरुवातीपासून सांगतो, नाहीतर मी भरकटेन.

लग्नाच्या शूटिंगचं काम सोडून मी तुझ्याकडं लातूरला आलो तो दिवस आठवतो का? तू दारातच विचारलंस, "कितवं?"

"काय कितवं?"

"काम रे. कितवं सोडलंस?"

मी मान फिरवून काहीतरी पुटपुटलो, तर तू हनुवटी धरून माझा चेहरा आपल्याकडं वळवलास. "तोंड इकडं कर. खोटं बोलायचं तर समोर बघून बोल. तेवढा मान ठेव माझा."

तुझा तो आवाज! सपाट, मोठा, स्टँडवर गाड्या पुकारतात तसा. तू कुजबुजायला गेलीस तरी गल्लीच्या टोकाला ऐकू जायचं, आणि ते फक्त तुलाच माहीत नसायचं. पण लोकांचं बोलणं मात्र तुझ्यापासून लपत नव्हतं. रस्त्यापलीकडं दोन बाया बोलत उभ्या असायच्या आणि तू ब्लाउजला हुक लावता लावता मला सांगायचीस, "धाकटी म्हनायली, सासूला गावाकडं धाडते. थोरली म्हनायली, आदी नवऱ्याला इचार." सगळ्या गल्लीचं गुपित तुझ्या डोळ्यांत जमा व्हायचं. आणि तुला स्वतःला एखादी गोष्ट ऐकायची नसली की तू काय करायचीस? डोळे मिटायचीस! भांडण तिथंच बंद. समोरचा बोलून बोलून थकायचा आणि तू आपली शांत, डोळे मिटून, हातानं दोरा ओवत.

मला तुझ्या ह्या सवयीचा लई राग यायचा. आता वाटतं, एका दिवशी तरी तू डोळे मिटायला हवे होतेस. त्याच्यावर येतो पुढं.

तो डबा मला मुखेडच्या आठवडी बाजारात मिळाला. मी गेलो होतो चपला घ्यायला. चपला राहिल्या बाजूला, भंगारवाल्याच्या पोत्यावर एक गोल पत्र्याचा डबा दिसला. उघडला तर शिळ्या लोणच्यासारखा आंबूस वास. आत काळी फीत, गुंडाळलेली. भंगारवाला म्हणाला, "घेऊन जा बाबा. म्हातारे म्हनत्यात, पयले असल्याच्या बांगड्या करायचे." फीत उजेडात धरली तर त्यात टिचभर माणसं! मुकुट घातलेली, दाढीवाली, हात वर केलेली. जुने मूकपट, मावशी. नाव नाही, सुरुवात नाही, शेवट नाही. कुणीतरी कधीकाळी उरलेले तुकडे एकाला एक चिकटवून ठेवले होते.

तुझ्या मशीनशेजारी आपण दुकान मांडलं. पत्र्याच्या डब्यात बल्ब, वर पाटी रंगवणाऱ्याकडून आणलेला पांढऱ्या प्लास्टिकचा तुकडा, आणि तुझ्या बटणांच्या डब्यांवर मोबाईल आडवा ठेवलेला. एकेका चित्राचा फोटो काढायचा. फीत सरकवायचं काम तू घेतलंस, कारण माझा हात हलायचा. तू कापड सुईखालून सरकवतेस तशी ती फीत सरकवायचीस, एकसारखी, एक घर, थांब, एक घर, थांब. एका सेकंदाच्या हालचालीला सोळा फोटो. दुपारभर काम केलं की एखादा राजा जेमतेम जिन्याच्या चार पायऱ्या चढायचा.

त्यातून मी माझे छोटे सिनेमे करायला लागलो. गोष्ट नसलेले. एक राजा सिंहासनावर बसायला जातो आणि चार मिनिटं बसतच नाही. बुरशीनं खाल्लेला एक चेहरा, ज्यात माणूस स्थिर आहे आणि बुरशी तेवढी सरकते. नांदेडच्या मित्रांना पाठवले तर ते म्हणाले, "आवाज कुठंय भौ?" तुला दाखवले तर तू म्हणालीस, "मला तर सगळेच पिच्चर असे दिसत्यात. ह्यात काय कमी हाय?" एवढं कौतुक माझं आजवर कुणी केलेलं नाही.

आणि मग कळलं की तुला ते ऐकू येतंय! म्हणजे दिसतंय. तो शिंगवाला राक्षस छाती पिटून गर्जना करत होता, आणि तू एकदम खदाखदा हसायला लागलीस.

"काय झालं?"

"आरं ह्यो म्हनायला, पंखा हलव की भाड्या, माझी दाढी सुटायली!"

दोन दिवस आपण हसत होतो. देवाच्या पाया पडणारी राणी शेजारणीला विचारत होती की भाकरी कुणी आणलीय. मरणारा सेनापती मरता मरता कुणाला तरी सांगत होता, "पायावर पाय देऊ नको." शंभर वर्षांपूर्वीची ती माणसं, कोण कुठली, त्यांची नावं राहिली नाहीत, आणि ती लातूरच्या एका खोलीत तुझ्याशी बोलत होती. हसता हसता एकदा तू थांबलीस आणि म्हणालीस, "मेलेली मान्सं लई बारकं बोलत्यात रे. मोठं कुनीच बोलत न्हाई."

मग तो तुकडा आला.

तो फितीत डोक्यावर उभा होता. बाईचे पाय वर, डोकं खाली. मूकपटाच्या असल्या फितीला दोन्ही कडांना भोकं असतात, त्यामुळं तुकडा कुठल्याही टोकानं चिकटवला तरी बसतो. चिकटवणाऱ्यानं तो फिरवून चिकटवला होता. मी काय केलं? त्र्याहत्तर फोटो होते, प्रत्येक फोटो फिरवून सरळ केला. बाई पायावर उभी राहिली. झालं काम, असं समजून पुढं गेलो. सगळी माती मी इथंच खाल्ली.

दारात उभी असलेली बाई. तिशीची असेल. साधं लुगडं, मुकुट नाही, दागिना नाही. नटी वाटतच नव्हती. ती सरळ आपल्याकडं बघते आणि काहीतरी बोलते. एवढंच. मी तिचा फक्त चेहरा कापून मोठा केला आणि मोबाईलवर तुला दाखवला, मागचं पुढचं सगळं काढून टाकून.

तुझं मशीन थांबलं.

"परत लाव."

लावला.

"परत."

किती वेळा लावला, मी मोजलं नाही. उन्हाची तिरीप जमिनीवरून भिंतीवर चढेपर्यंत आपण तिथंच होतो. मग मी बघितलं तर तुझे ओठ हलत होते. तिच्या ओठांबरोबर. ती थांबली की तू थांबायचीस, ती सुरू झाली की तू. समोरच्या आरशात तू, हातात ती, आणि दोघींचं तोंड एकाच वेळी उघडत मिटत होतं. आवाज कुणाचाच नाही. मला तिथून उठून बाहेर जावंसं वाटलं, मावशी. पण गेलो नाही.

"काय म्हणतीय ती?" मी तुझ्या समोर येऊन विचारलं.

तू डोळे मिटलेस.

सांगितलंस दुसऱ्या दिवशी, भाजी निवडताना, माझ्याकडं न बघता. तुझी आई, म्हणजे माझी आज्जी, आजारी पडली तेव्हा तू नऊ वर्षांची. माझी आई कडेवरची. लोह्याजवळच्या आपल्या गावाच्या फाट्यावरून आज्जीला नांदेडच्या दवाखान्यात न्यायला एसटीत बसवलं. तू गाडीमागं पळालीस. आज्जीनं खिडकीच्या काचेतून तुझ्याकडं बघितलं आणि काहीतरी बोलली. काच बंद होती. तुला तेव्हा ओठ वाचता येत नव्हते. कान जाऊन दोनच वर्षं झाली होती. गाडी वळली. आज्जी परत आली नाही.

मी तुझ्यासमोर सरकलो. "आज्जा शेजारीच बसले असतील ना? त्यांनी ऐकलं असेल."

"इचारलं की. लिहून इचारलं. ते म्हनाले, कायबी बोलली न्हाई." तू मेथीची जुडी झटकलीस. "त्यांना ऐकू येत होतं तरी न्हाई ऐकलं. मला ऐकू येत न्हवतं, मी बघितलं."

मग तू ते सांगितलंस जे माझ्या आईलासुद्धा माहीत नाही. की तिच्या ओठांची ती हालचाल तू पाठ केली होतीस. अर्थ कळत नव्हता म्हणून आकारच पाठ केला. मशीनसमोरचा तो आरसा गिऱ्हाइकांसाठी आहे असं सगळ्यांना वाटायचं. गिऱ्हाईक गेलं की तू आरशात बघून ती हालचाल करून बघायचीस. इतकी वर्षं! ओठ वाचायला शिकलीस तीही त्यासाठीच. पण तोवर ती हालचाल झिजून गेली, कधी असं वाटायचं, कधी तसं.

"अन् काल ती बाई तेच बोलली," तू म्हणालीस. "तसंच. मधी थांबून."

"काय?"

"चूल इझू देऊ नको. मी आलेच."

सिनेमातली बाई, मावशी. कुठली, कधीची, आज्जीशी तिचा काय संबंध? पण तुझ्या तोंडाकडं बघून मी मेथी निवडायला लागलो.

पुढच्या आठवड्यात तू मागच्या अंगणात तीन विटा मांडल्यास. घरात गॅस असताना! रोज सकाळी गोवऱ्या, संध्याकाळी राखेत निखारा झाकून ठेवायचा, सकाळी फुंकर मारून परत जागा करायचा. स्वयंपाक त्याच्यावर काही नाही. नुसता विस्तव. शेजारची काकू भिंतीवरून ओरडली, "सुलाबाई, वाळत घातलेली कापडं काळी व्हायलीत माझी!" तू डोळे मिटलेस. काकूनं मला विचारलं, "मावशी ठीक हाय ना रे तुझी?" मी म्हणालो, "हाव." ठीकच होतीस तू. गाणं म्हणायला लागली होतीस, त्या सपाट आवाजात, सूर नसलेलं. चेहऱ्यावर तुकतुकी आली होती. दार उघडं टाकायला लागली होतीस. एकदा मी बाहेरून आलो, तर तू दाराकडं तोंड करून बसली होतीस आणि मला बघून तुझा चेहरा पडला. मी नाही, दुसरं कुणीतरी यायचं होतं.

मला भीती वाटायला लागली, खरं सांगतो.

आणि त्यात मला ते सापडलं. सिनेमात तो तुकडा घ्यायचा म्हणून मी आख्खं चित्र उघडलं, फक्त चेहरा नाही. कोपऱ्यात धूर होता. आणि तो वर जात नव्हता. वरून खाली येत होता, गोळा होत होत जमिनीकडं. मी परत बघितलं. मग डोक्यात उजेड पडला. तुकडा उलट्या टोकानं चिकटवलेला. मी फोटो फिरवले, पण त्यांचे क्रमांक तसेच ठेवले. पहिला तो शेवटचा होता, शेवटचा तो पहिला. बाई सरळ झाली, वेळ उलटाच राहिला.

एवढा आनंद झाला मला! असलं काहीतरी सापडलं की मला दम निघत नाही, तुला माहीत आहे. तसाच पळत आलो. तू बाही जोडत होतीस.

"मावशी, हे उलटं आहे! पूर्ण उलटं! शेवटापासून सुरुवातीकडं चाललंय!"

"म्हंजे?"

"म्हणजे ती तसं काही बोललीच नाही. उलटे ओठ आहेत ते. तू वाचलंस त्याला काही अर्थच नाही."

तू माझ्याकडं बघत होतीस. मी धूर समजावला, क्रमांक समजावले, हातवारे करून सगळं सांगितलं. तू डोळे मिटले नाहीस. शेवटच्या शब्दापर्यंत बघत राहिलीस. का नाही मिटलेस गं? गल्लीतल्या प्रत्येकासाठी मिटायचीस, माझ्यासाठीच उघडे ठेवलेस?

"बरं," तू म्हणालीस.

बाही बाजूला ठेवलीस, उठलीस, तांब्या भरून घेतलास आणि मागं जाऊन चुलीवर ओतलास. चर्र झालं. केवढा मोठा आवाज. तो मी ऐकला. तुला आला नाही, आणि तू वळून आत येताना माझ्याकडं असं बघितलंस, जणू काही झालंच नाही.

त्यानंतर तू तो तुकडा मागितला नाहीस. आरशावर कापड टाकलंस. मी दोन दिवसांनी हदगावला एका लग्नाच्या शूटिंगला निघून गेलो. काम नव्हतंच तसं, तुझ्यासमोर बसवत नव्हतं. तिथं आठवडाभर उगाच रेंगाळलो. फोन आला तेव्हा मी कुणाच्या तरी लग्नात वरातीच्या घोड्याचे फोटो काढत होतो. मी लातूरला पोचलो तोवर सगळं उरकलं होतं. काकू म्हणाली, दुपारी मशीनवर बसल्या बसल्या गेलीस. डॉक्टर म्हणाले, हृदय. काकूनं आणखी एक सांगितलं, ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तुझे डोळे उघडे होते, आणि तोंड दाराकडं.

ह्या चार महिन्यांत मी स्वतःला एकच गोष्ट सांगत आलो. वाईट झालं, पण निदान खरं तरी सांगितलं. खोट्या आशेवर ती किती दिवस विस्तव जपणार होती? सिनेमातला तो तुकडाही मी सुधारून टाकला, क्रमांक सुलटे लावून. आता धूर वर जातो. येत्या रविवारी इथल्या एका वाचनालयाच्या हॉलात आम्हा पाच-सहा पोरांचे छोटे सिनेमे दाखवणार आहेत. त्यात माझाही आहे. उद्या फाईल द्यायची आहे.

आणि आज दुपारी मी याकूबभाईकडं गेलो. तुझं घड्याळ मी वापरतो, त्याचा पट्टा तुटला म्हणून. म्हातारा माणूस, डोळ्याला भिंग लावून बसलेला. टपरीवर पाटी आणि खडू, गिऱ्हाइकानं लिहून सांगायचं. मला ते आधी दिसलंच नाही. मी सवयीनं त्याच्या समोर तोंड नेऊन सावकाश बोललो. त्यानं भिंग काढलं.

"तू असा सामने येऊन कुठं शिकला रे बोलायला? घरी कोन बहिरं हाय का?"

"होती," मी म्हणालो. "मावशी."

बारा वर्षांचा असताना त्याचे कान गेले, तो सांगत होता. ओठ वाचतो, मराठीही, उर्दूही. मग मला राहवलं नाही. मोबाईल काढला. आधी त्याला सुलटा तुकडा दाखवला. फक्त चेहरा. काही सांगितलं नाही, उलटं सुलटं काही नाही.

त्यानं दोनदा बघितलं. "काही बोलत नाही ही. मुँह हलवती फक्त. लफ्ज नाही एकपण."

मग मी तुझा तुकडा लावला.

त्यानं भिंग परत डोळ्याला लावलं आणि मोबाईल अगदी जवळ घेतला. एकदा. परत एकदा. मग काही न बोलता बिलाचा कागद उलटा केला आणि त्याच्यावर लिहिलं. अक्षर वाकडंतिकडं, पण लिहिलं होतं: चूल विझू देऊ नको. मी आलेच.

मी आधी स्वतःला म्हणालो, माझेच ओठ हलले असतील. मला ते वाक्य पाठ आहे, मी पुटपुटलो असेन, त्यानं माझं तोंड वाचलं असेल. पण तो माझ्याकडं बघतच नव्हता गं. डोळ्याला भिंग होतं त्याच्या. भिंगातून मी कसा दिसेन?

"किसकी अम्मी है ये?" त्यानं विचारलं.

मी मोबाईल परत घ्यायला हात पुढं केला.

मग तो म्हणाला, "चूल चूल म्हणती, पण चूल कुठंय? इथं तर फक्त मुँह हाय."

मी तिथंच टपरीच्या पायरीवर आख्खं चित्र उघडलं. चूल आहे, मावशी. आख्ख्या चित्रात, कोपऱ्यात, बाईच्या मागं. तो धूर कुठून आला असेल? मला तो धूर दिसला तेव्हा मी त्याची दिशा बघितली, आणि दिशा बघून पळत तुझ्याकडं आलो. खाली तीन दगडांची चूल होती, ती बघूनही बघितली नाही. आणि तू? फीत सरकवताना त्या उलट्या, टिचभर चित्रात चूल कुणाला दिसणार, आणि मोबाईलवर तू चेहऱ्याशिवाय काहीच बघितलं नव्हतंस! ती चूल मी कापून टाकली होती. तुला चुलीचं कसं कळलं?

मला भुताखेतांचं काही कळत नाही. दहावीला विज्ञानात मी दोनदा नापास झालो, त्यामुळं विज्ञानाच्या बाजूनंही काही बोलायचा मला हक्क नाही. शंभर वर्षांपूर्वी कुठल्या तरी बाईला कुणीतरी सांगितलं असेल, दारात उभी राहा आणि तोंड हलव. तिनं हलवलं. ते उलटं केल्यावर त्यात तुझ्या आईचं वाक्य निघतं, हे कसं, मला विचारू नको. मी आत्ता इथं बसून परत परत बघितलं. आख्खं चित्र, दोन्ही दिशांनी. सुलटं लावलं की धूर वर जातो, बाई तोंड हलवते, आणि मागं चूल विझत जाते. शेवटी नुसती राख. तुझ्या दिशेनं लावलं की राखेत ठिणगी येते, धूर खाली उतरून आत शिरतो, बाई बोलते, आणि तिचं बोलणं संपेपर्यंत चूल चांगली पेटलेली असते.

हे तू बघायला पाहिजे होतंस. मी तुला दाखवायला पाहिजे होतं. त्याऐवजी मी तुला सांगितलं की त्याला अर्थ नाही, आणि तू माझ्यावर विश्वास ठेवलास. आयुष्यभर कुणाचं ऐकलं नाहीस आणि ऐकलंस ते माझं! एवढी कशी गं तू वेडी? मला विचारायचं तरी होतंस, "तुला काय कळतंय रे?" नेहमी विचारायचीस की.

आज्जी येणार होती का, मला माहीत नाही. आली असली आणि चूल विझलेली बघून परत गेली असली, तर त्याचं काय करायचं हेही माहीत नाही. तू दाराकडं तोंड करून बसली होतीस म्हणजे पाणी ओतूनही तू वाट बघतच होतीस का? की कुणी आलंच होतं? हे मला कोण सांगणार? डोळे उघडे होते एवढंच मला कळलं.

कोंबडीवाली बाई तिच्या गाडीत बसून गेली. अंधार व्हायला लागलाय, लिहिताना ओळी खाली वर व्हायल्यात. तर ऐक, म्हणजे बघ.

उद्या फाईल द्यायच्या आधी मी त्र्याहत्तरच्या त्र्याहत्तर चित्रं तुझ्या क्रमानं लावणार आहे. चेहरा कापणार नाही, चूल, दार, सगळं दिसेल. खाली अक्षरं टाकणार नाही, ज्याला वाचता येतं तो वाचेल. याकूबभाईला मी रविवारी यायला सांगितलंय. तो म्हणाला, "दुकान बंद करून येतो." मी कामं अर्धवट टाकतो हे तुला माहीत आहे, पण हे मी टाकणार नाही, शब्द देतो. हॉलात कुणीतरी नक्की ओरडेल, कारण कुणीतरी हुशार असतोच, मी होतो तसा. म्हणेल, "भाऊ, धूर खाली चाललाय, तुमचा तुकडा उलटा लागलाय." मी उठून उभा राहीन, त्याच्याकडं तोंड करीन, आणि समोर बघून सांगीन, की नाही, हा सुलटा आहे.

तुझाच,
पम्या